पातं थोरल्याचं, म्यान धाकट्याचं

कातडं लोखंडाला खातं. हे मला कोणत्या शाळेनं शिकवलं न्हाई. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. तिथं उर्दूचं आलिफ-बे आणि बाराखडी यांची डोक्यात खिचडी झाली, आणि मंग बापानं मेंढरांमागं धाडलं. त्याची मला लाज न्हाई. सुरा कसा ठेवावा हे शिकवील असा माणूस आमच्या भागात आता उरलेला न्हाई. ज्यांना माहीत होतं ते सगळे मातीत गेले. म्हणून लिहून ठेवतो. अक्षर वाकडं असलं तर असू द्या.

आता घरोघर पांढऱ्या सुऱ्या आल्या. मोरीत पाण्यात पडून राहिल्या तरी त्यांना काही होत न्हाई, आणि म्हणून त्यांची कोणी काळजी बी करत न्हाई. आमच्या काळचं लोखंड लेकरासारखं होतं. त्याला सर्दी व्हायची, घाम लागायचा, ओला हात लावून तसंच ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्या बोटांचा तांबडा ठसा पात्यावर उमटलेला दिसायचा. कोणी हात लावला हे विचारायची गरज पडायची न्हाई.

आमचं गाव कयाधूच्या अलीकडं, नरसी नामदेवहून चालत येण्यासारखं. थोडी शेती, बाकी मेंढरं-शेरडं. घरात सुऱ्या पुष्कळ होत्या. खुरं काढायची वेगळी, काटे छाटायची वेगळी. पण सुरा म्हणलं की एकच. हातभर लांब, आज्याच्या काळी गाडीच्या चाकाच्या जुन्या धावेतून लोहारानं घडवलेला, मूठ एडक्याच्या शिंगाची. पाठीला जाड, धारेला असा की दाढी करावी. त्याचं म्यान कातड्याचं, बाभळीच्या सालीत आणि तरवडाच्या पाल्यात सावकाश कमावलेलं, तांबूस काळं पडलेलं, धारेच्या बाजूनं मेणवलेल्या दोऱ्याची दुहेरी शिवण.

हा सुरा वर्षातून एकदाच कामाला यायचा. गावाच्या वर माळावर म्हसोबाचा शेंदरी दगड हाय. दसऱ्याला गावाचा बोकड तिथं पडायचा आणि पहिला वार आमच्या घरचा असायचा. हा मान कधीपासूनचा ते कोणाला सांगता येत नव्हतं. पण वार करण्याआधी एक रीत होती. घरातल्या धाकट्यानं म्यान दोन्ही हातांनी धरून, तोंड खाली करून देवाला दाखवायचं. सुरा खाली सरकता कामा नये. मंग म्यान आडवं धरायचं, आणि थोरल्यानं मुठीला हात घालून एका ओढीत पातं बाहेर काढायचं. घसरून पडला तर मान गेला. ओढताना अडकला तरी गेला. गेला की तो पलीकडच्या भावकीचा. पलीकडच्या भावकीचे काका दर दसऱ्याला आपला सुरा कंबरेला लावूनच यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "असू द्या की, कधी लागला तर." ते हसत म्हणायचे, पण दर वर्षी यायचे.

आमचा बाप बोलायला कमी. पण सुऱ्याची गोष्ट निघाली की त्याला शब्द फुटायचे. तो म्हणायचा, "कातडं हे मेलेलं जनावर हाय. मेलं तरी पाणी पितं. त्याच्या पोटात लोखंड ठेवशील तर ते पाणी लोखंडाला पाजंल." म्हणून आमच्या घरी पातं कधी म्यानात राहिलं न्हाई. दसरा झाला की बाप सुरा कोमट पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, मंग चाळलेल्या राखेनं पुसायचा, मुठीकडून टोकाकडं, उलट कधीच न्हाई. पातं हाताला ऊन लागेल इतकं उन्हात ठेवायचा आणि मंग करडीचं तेल. जवसाचं चालत न्हाई. जवस वाळला की त्याची चिकट साय धरते आणि तिच्याखाली गंज लपून बसतो, वरून दिसत बी न्हाई. तेल लावलेला सुरा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या आढ्याला खोचला की झालं. धुरानं तिथं कधी ओल धरत नव्हती.

म्यानाची जागा वेगळी. सावलीत, भिंतीपासून सुटं, खुंटीला टांगलेलं. चुलीजवळ ठेवलं तर त्याचा पापड होतो. तूप लावलं तर उंदराला आवतण. वर्षातून एकदा चरबीचा हात, तोही नुसता फिरल्यासारखा. आणि रिकामं म्यान आक्रसू नये म्हणून सुतारानं सुऱ्याच्या बराबर मापाचं एक सागाचं पातं करून दिलेलं होतं, ते आत घालून ठेवायचं. दर अवसेला बाप पातं आढ्यावरून काढायचा, म्यान खुंटीवरून काढायचा, दोघांची भेट घालून बघायचा आणि परत ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी.

बाप गेला तेव्हा मी मिसरूड फुटलेला गडी होतो, दादाचं लग्न होऊन त्याला लेकरं झाली होती. जाण्याआधी बापानं दोघांना जवळ बसवलं. जमिनीचं, मेंढरांचं त्यानं काही सांगितलं न्हाई. ते पंच बघतील म्हणला. सुऱ्याचं मात्र सांगितलं. पातं थोरल्याचं, म्यान धाकट्याचं. दोन चुली झाल्या तरी दर अवसेला एका जागी यायचं. दादानं विचारलं, "आन आमचं पटलं न्हाई तर?" बाप म्हणला, "न पटणाऱ्यांसाठीच सांगून राहिलो. पटणाऱ्यांला सांगावं लागतं का?"

त्याचं खरं व्हायला फार दिवस लागले न्हाईत. दादाला मेंढरांचा कंटाळा आला. त्याला कापूस करायचा होता. त्यानं आपल्या वाटणीची मेंढरं विकली आणि शेतात घर बांधून तिकडं राहायला गेला. माय माझ्याकडं राहिली. भांडण झालं ते काळ्या तोंडाच्या एका एडक्यावरून. दादा म्हणला, तो सामाईक. मी म्हणलो, मी त्याला बोटानं दूध पाजून वाढवला, तो कशाचा सामाईक. तो म्हणला, मेंढक्या रहा जन्मभर. मी म्हणलो, तू कापसाचा शेठ हो. असं काही मोठं न्हाई, पण दोघंबी एका बापाची लेकरं, शब्द मागं घ्यायची सवय घरात कोणालाच नव्हती. एडका मी दिला न्हाई. आजबी देणार न्हाई.

अवसेला दादा यायचा बंद झाला. त्या दसऱ्याला आमी एकमेकांकडं न बघता उभे राहिलो, मी म्यान धरलं, त्यानं ओढलं, आणि मधल्या काळात दोघांनी आपापला जिन्नस नीट सांभाळला होता म्हणून निभावलं.

पुढल्या साली दादा कापूस घेऊन जवळा बाजारला गेला. आमाला हिंगोली जवळ पडते, पण त्याच्या सासरवाडीची वाट तिकडून जाते. तिथल्या बाजारात त्यानं सुऱ्याला नवीन म्यान शिवून घेतलं. लाल भडक कातडं, टोकाला पितळेची टोपी, वर नक्षी. पातं त्यात घालून तो कंबरेला लावून गावात फिरला. चावडीवर बसलेल्यांनी त्याची मजा घेतली. पलीकडच्या भावकीचे काका म्हणले, "सुऱ्याला नवरदेव केलास की रे. वरात कधी काढतो?" दादा म्हणला, यंदा म्यानासाठी कोणाच्या दारात जायची गरज न्हाई, यंदा म्यान माझा पोरगा धरील.

ही गोष्ट मला पोचवायला गावात माणसं कमी नव्हती. मी सांगणाऱ्याला म्हणलो, "त्याला सांग, नवीन चप्पल हाय ती. चावंल."

आत मला काय झालं ते मी कोणाला दाखवलं न्हाई. बापानं मला जमिनीत कमी दिलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. पण म्यान माझं होतं.

पावसाळा लागला. त्या साली आभाळ धड बरसून मोकळं बी होईना आणि उघडीप बी देईना. सारखी भुरभुर, घरातलं मीठ पाणी सोडून राहिलं होतं. मी म्यान दर आठ दिवसांनी खाली काढून वाऱ्याला धरायचो, पुसायचो, परत टांगायचो. माय म्हणायची, रिकाम्या म्यानाचं इतकं कवतिक कशाला, त्यात घालायला काय ठेवलंय आता. मी पुसत राहायचो. दादाचा सुरा तिकडं आखाडापासून त्या लाल म्यानात खुंटीला लटकला होता. शोभेसाठी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून.

घट बसले त्या दिवशी दुपारी वैनी माझ्या वाड्यावर आली. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्याच्या कुंपणाचा. मी शेळी पिळत बसलो होतो.

"भाऊजी, सुरा निघना," वैनी म्हणली.

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? तुमच्या बाचा."

मी म्हणलो, ओढ म्हणावं जोरात. ती म्हणली, ओढून झालं, आता मूठ हातात यायची तेवढी राहिली. मी विचारलं, त्यानं धाडलं का तुमाला.

"त्याहीनं धाडलं असतं तर मी कशाला आले असते? ते तोंड पाडून कापसाच्या बांधावर बसून राहिले. भाऊजी, दसऱ्याला पुसेगावचे पाव्हणे यायचे हायत."

ते मला माहीत होतं. दादाच्या थोरल्या लेकीची सोयरीक पुसेगावला चालली होती. तिकडच्या पाव्हण्यांनी पसंती कळवली होती, पण सुपारी फोडायला दसऱ्याला येतो म्हणले होते, म्हसोबाचा मान ज्या घरचा त्या घरचा मान डोळ्यानं बघायचा होता त्यांना. भर गर्दीत सुरा अडकला असता तर मान तर गेलाच असता, पण ते पाव्हणे बी जेवल्याबिगर उठले असते. देव ज्या घरावर रुसला त्या घरची पोरगी करायला कोण धजतो? आणि एकदा परत गेलेल्या पोरीकडं दुसरे पाव्हणे बी वाकड्या नजरेनं बघतात. इतकं सगळं त्या लाल म्यानात अडकून बसलं होतं.

वैनी म्हणली, "लेक तुमची बी हाय का न्हाई?"

मी म्हणलो, लेक माझी हाय, सुरा दादाचा हाय. दादानं यावं.

ती उठली. जाता जाता म्हणली, "एका मायनं दूध पाजलं दोघांला. अक्कल तेवढी वाटणीत कुठं गेली काय माहीत."

मी घरी आलो तर मायला सगळं ठाऊक.  तिनं खुंटीवरून म्यान काढलं, आतलं सागाचं पातं उपसून ठेवलं, म्यान काखेत मारलं, काठी घेतली आणि निघाली. भुरभुर चालूच होती. मी म्हणलो, माय, कुठं चालली. ती म्हणली, "थोरल्याला देऊन येते. तू बस तुझ्या एडक्याजवळ."

आता म्यान पावसात भिजून राहिलं होतं, आणि मायच्या काखेत दुमडून राहिलं होतं. मी घोंगडी घेऊन मागं धावलो. म्यान तिच्या हातून घेतलं, घोंगडीत गुंडाळलं. तोपर्यंत आमी अर्ध्या वाटेवर आलो होतो, आणि माय काही परत फिरायला तयार नव्हती. तिला एकटीला चिखलात सोडता येत नव्हतं. असा मी दादाच्या दारात गेलो. दादासाठी गेलो न्हाई, हे मी तेव्हा बी सांगितलं आणि आता बी सांगतो.

दादा ओसरीवर बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. मायला विचारलं, "माय, हा काहून आला?"

मी बी मायलाच म्हणलो, "माय, सांग त्याला, मी म्यानामागं आलो."

"मी काय तारघर हाय का?" माय म्हणली आणि आत चुलीपाशी जाऊन बसली.

मंग आमी दोघं आणि मधे तो लाल म्यानातला सुरा. मी उचलला. म्यान हाताला गार लागलं, ओलसर. शिवणीच्या कडेनं पांढरी बुरशीसारखी रेघ होती. मी जिभेला लावून बघितली. मीठ. कातडं मिठात वाळवलेलं, घाईघाईत रंगवलेलं. मीठ नीट धुवून बी काढलेलं नव्हतं. त्या मिठानं सगळा पावसाळा आत ओढून घेतला होता. मी म्यान दादाच्या पुढं धरलं, तू बी चाखून बघ म्हणून. त्यानं चाखलं. तोंड कडू झाल्यासारखं केलं.

ओढून काढण्यात अर्थ नव्हता. धार गेली असती. शिवण उसवावी लागणार होती. मी आरी मागितली. दादानं आरी आणली आणि माझ्या हातात दिली न्हाई; स्वतः खाली बसला आणि आपल्या हातानं त्या लाल म्यानाचा टाका टाका उसवत गेला. चावडीवर मिरवलेली चीज माणूस आपल्या हातानं उसवतो तेव्हा त्याच्याकडं बघू नये, म्हणून मी बाहेर कापसाकडं बघत बसलो.

पातं निघालं ते बघून वैनीनं तोंडाला पदर लावला. देवी आलेल्या लेकराच्या अंगावर असतात तशा तांबड्या पुटकुळ्या. कातड्याचे तुकडे पात्याला चिकटून आलेले. दादा इतकंच म्हणला, "बा बघत असंल."

जर्मनच्या लढाईचे दिवस होते, रॉकेल दिव्यालाच मिळत नव्हतं, गंजाला कुठून आणणार. आमी चिंच भिजवली. चिंचेचा कोळ लावून ठेवायचा, थांबायचं, राखेनं घासायचं, धुवायचं, पुसायचं, परत कोळ. एक दमला की दुसरा. बोलणं तेवढंच. 'पाणी दे', 'धर', 'उलटा घासू नको'. मंग विटेची भुकटी, मंग दगड. नवरात्रातले बरेच दिवस मी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून रोज तिकडं गेलो. जेवायला वैनी वाढायची. पहिल्या दिवशी मी म्हणलो जेवून आलोय. ती म्हणली, खोटं बोलताय, तुमची भाकर चुलीवर असतानाच तुमी निघालात, मला मायनं सांगितलं.

गंज निघाला पण व्रण राहिले. आणि दगडावर घासून घासून पातं पातळ झालं. पांढरं निघालं, धार लागली, सगळं झालं, आणि मंग बापाच्या म्यानात घालून तोंड खाली केलं तर आडात पोहरा सुटावा तसं सरळ जमिनीत जाऊन रुतलं.

दादा डोकं धरून बसला. आधी निघत नव्हतं, आता राहत न्हाई.

उपाय एकच होता आणि तो बापाला पटला नसता. म्यान कोमट पाण्यात भिजवलं. पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळून वरून मेण चोळलं, आत घातलं, आणि ओलं कातडं बोटांनी पात्यावर दाबत दाबत बसवलं. वाळताना कातडं आवळतं. सावलीत, वाऱ्याला, दर थोड्या वेळानं कूस बदलत. वाळलं की पातं लगेच बाहेर. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजली तेव्हा आमी म्यान उलटं धरून बघितलं. सुरा राहिला. दादानं ओढला, निघाला. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्या सालात पहिल्यांदा. मी म्हणलो, उद्या बघू.

दसऱ्याला सकाळीच आभाळ भरून आलं. आमी माळावर निघालो तोवर हवा अशी ओली झाली की अंगरखा अंगाला चिकटायला लागला. आवळलेलं कातडं ओल खाऊन सैल होतं, हे मला माहीत होतं, आणि माझ्या हातात म्यान होतं, म्हणून ते सैल होऊन राहिलं हे बी माहीत होतं. दादा पुढं चालला होता. पुसेगावचे पाव्हणे पांढरे पटके बांधून दगडाच्या उजव्या अंगाला उभे. काका आपला सुरा कंबरेला लावून डाव्या अंगाला. दादाचा पोरगा गर्दीत होता, पण म्यान कोण धरणार हा प्रश्न आता कोणी काढला न्हाई.

दादानं पातं म्यानात घातलं. त्याला बी कळलं. पातं आत जाताना आवाजच झाला न्हाई.

म्यान धरायची एक रीत असते. बोटं पाठीकडं, धारेकडं कधीच न्हाई. धारेकडं शिवण असते, आणि पातं निघताना जोर शिवणीवर येतो. दोरा कापला की पुढं हात. हे आमच्या घरातल्या लहान लेकरालाबी माहीत होतं. मी देवापुढं उभा राहिलो, म्यानाचं तोंड खाली करण्याआधी डाव्या हाताचा पंजा धारेच्या अंगानं फिरवला, आणि कातड्यावरून आतलं पातं पंजात गच्च आवळलं. मंग तोंड खाली केलं.

सुरा सरकला न्हाई. काका वाकून बघत होते. मी जरा जास्तच वेळ उलटं धरून ठेवलं, त्यांचं समाधान होईपर्यंत.

आडवं केलं. आता सोडायला पाहिजे होतं, पण सोडलं तर पातं ओढण्याआधीच डुगडुगलं असतं, सगळ्यांपुढं. मी सोडलं न्हाई. दादानं मुठीला हात घातला. त्यानं माझी बोटं बघितली. कुठं धरलीत ते बघितलं. तो थांबला. पाव्हणे बघत होते.

मी त्याला हळूच म्हणलो, "दादा, ओढ."

त्या सालात मी त्याला दादा म्हणलो नव्हतो.

त्यानं ओढलं. एका ओढीत. शिवण अर्ध्यातून उसवली ते मला हाताला कळलं, आणि मंग हात गरम झाला. पातं बाहेर आलं तेव्हा त्याला रक्त होतं, बोकड अजून उभा होता. दादानं पातं असं फिरवलं की रक्ताची बाजू त्याच्याकडं राहिली, धोतरावर पुसलं आणि वार केला. मी पंजा घोंगडीत घालून उभा राहिलो. लोकांनी देवाचा गजर केला. काका माझ्याजवळून जाताना म्हणले, म्यान चांगलं घट्ट बसलंय रे तुमचं. मी म्हणलो, बापाच्या हातचं हाय, बसणारच.

कोणी याला खोटेपणा म्हणंल. म्हणू द्या. रीत अशी हाय की धाकट्यानं म्यान धरावं. मी धरलं.

पुसेगावचे पाव्हणे दादाच्या घरी जेवले, सुपारी फुटली. मी पंगतीत उजव्या हातानं जेवलो, डावा हात हळद भरून फडक्यात. पाव्हण्यांनी विचारलं, काय लागलं. वैनी म्हणली, एडक्यानं मारलं. दादानं ताटातलं तोंड वर केलं न्हाई, पण त्याचे खांदे हलून राहिले होते. हसत होता का काय, मला सांगता येत न्हाई.

सगळे गेल्यावर त्यानं पातं धुतलं, राखेनं पुसलं, तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं, बापासारखंच. आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणला, "हे बी तूच ने. माझ्याच्यानं सांभाळणं होत न्हाई."

मी हात लावला न्हाई. दोन्ही जिन्नस एका घरात आले की एक दिवस एकात एक जातात, आणि मंग तेच होतं जे झालं. बाप शहाणा होता. मी म्हणलो, तुझं आढं रिकामं ठेवू नको.

म्यान मात्र गेलं होतं. शिवण उसवली होती, धारेनं कातडं आतून चिरलं होतं, आणि पातळ झालेल्या पात्याला ते तसंबी सैल. नवीन करावं लागणार होतं, आणि यावेळी बाजारातलं न्हाई. नरसीला एक कातडं कमावणारे बाबा होते, त्यांना विचारलं. ते म्हणले, दसऱ्याच्या बोकडाचं कातडं आणा, पुढल्या दसऱ्याच्या आधी हातात देतो, पण बाभळीची ताजी साल आणि तरवडाचा पाला तुमी आणून द्यायचा, दर पंधरवड्याला, चुकवायचं न्हाई. घाई असंल तर जवळा बाजारला जा.

दादानं मला विचारलं, साल एकट्यानं निघते का.

मी म्हणलो, न्हाई. दोघं लागतात. एकानं फांदी धरायची, एकानं सोलायची.

मंग दर पंधरवड्याला दादा आपल्या शेतातून यायचा, मी मेंढरांमागून यायचो, आणि कयाधूच्या काठच्या बाभळींखाली तो फांदी धरायचा आणि मी सोलायचो. माझा डावा पंजा तेव्हा नीट मिटत नव्हता, तरी सोलणं मीच करायचो. तो म्हणायचा, इकडं दे. मी द्यायचो न्हाई. कधी कापसाचं निघायचं, कधी लेकीच्या लग्नाचं, कधी काहीच न्हाई. एकदा त्यानं एडक्याचं विचारलं, बरा हाय का म्हणून. मी म्हणलो, बरा हाय.

बाभळीची साल एकट्या माणसाला निघते. शेरडामागं फिरणारं कोणतंबी पोरगं ती काढतं. दादानं बी लहानपणी काढली असंल. त्यानं मला तसं कधी म्हणून दाखवलं न्हाई, आणि मी बी सांगायला गेलो न्हाई.